फडातल्या बाईची नोकरी

राम जोशी सोलापूरचे, हे सोलापुरात कुणाला सांगावे लागत नाही. शास्त्री-पुराणिकांच्या घरात जन्मलेला हा मुलगा धोंडी शाहिराच्या फडात रमला, त्यापायी घरातून बाहेर पडला, पंढरपुरात संस्कृतचे अध्ययन करून परतला आणि पुन्हा डफ-तुणतुण्याच्या संगतीला जाऊन बसला. उत्तर पेशवाईतल्या शाहिरांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घेतले जाते. १९४७ साली त्यांच्यावर ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. त्यात जयराम शिलेदार राम जोशी झाले आणि हंसा वाडकर बया झाल्या.

ही बया कोण? चिंचवडची बया, राम जोशींच्या फडात नाचणारी-गाणारी. एवढेच. तिचे शिक्षण कुणाकडे झाले, तिला काय मिळत होते, चाळ उतरवल्यावर ती कुठे राहिली, कशावर जगली, यातले काहीही आपल्या हाताला लागत नाही. राम जोशींच्या रचना मात्र छापून उपलब्ध आहेत. विद्यापीठांत त्यांच्यावर प्रबंध लिहिले जातात.

मी कविता लिहितो, म्हणून ही गोष्ट मला अधिक टोचते. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहीर आपले नाव गुंफतो. त्याला आपण नाममुद्रा म्हणतो. सगनभाऊ जातीने मुसलमान शिकलगार, शस्त्रांना धार लावणारे. त्यांचे नाव त्यांच्या लावण्यांच्या शेवटी आहे म्हणून दोनशे वर्षांनंतर मला अभिमानाने सांगता येते की हा आमचा पूर्वज. होनाजी, प्रभाकर, परशराम, पठ्ठे बापूराव या सगळ्यांना नाममुद्रेने तारले. पण शब्द कागदावर असतात तोवर लावणी अर्धीच असते. ती उभी राहते कुणाच्या तरी अंगावर, कुणाच्या तरी पायांतून, आणि त्या पायांच्या मालकिणीला शेवटच्या कडव्यात जागा नसते. लावणीचा जो इतिहास आपण वाचतो तो शाहिरांचा इतिहास आहे. आज मला दुसऱ्या बाजूने बोलायचे आहे. फडात नाचणे ही एक नोकरी आहे असे धरून चालू आणि तिचा इतिहास काय दिसतो ते पाहू.

सुरुवातीची अडचण अशी की ढोलकीच्या फडात दीर्घकाळ नाचत होता तो पुरुष. लुगडे नेसून, चाळ बांधून उभा राहणारा ‘नाच्या पोऱ्या’. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या पवळाबाईंना तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री मानले जाते. त्यांचा जन्म १८७० चा. अर्थात ‘पहिली’ हा शब्द जपून वापरावा, कारण राम जोशींच्या हकिकतीत बया आहेच. पण पवळाबाईंपासून एक गोष्ट निश्चित बदलली. तिकीट काढून येणारा प्रेक्षक आता बाईच्या नावाने येऊ लागला. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, आणि पवळाबाई यांच्या फडाने मुंबई गाजवली. ब्राह्मण शाहीर आणि महार समाजातली नर्तकी एका फडात, याचीच चर्चा लोकांनी जास्त केली. पुढे दोघांचे फाटले. पवळाबाई १९३९ साली गेल्या, बापूराव १९४५ साली. दोघांचाही अखेरचा काळ ओढगस्तीचा होता. पण बापूरावांच्या लावण्या मागे उरल्या, आणि पवळाबाईंच्या मागे उरली ती केवळ आख्यायिका.

नोकरी म्हटली की आधी कारखाना समजून घ्यावा लागतो. तमाशाचे दोन प्रकार आहेत, आणि बाहेरून पाहणारा त्यांची नेहमी गल्लत करतो. एक ढोलकीफड आणि दुसरी संगीतबारी.

ढोलकीफड फिरता असतो. मोठ्या फडात शंभर-सव्वाशे माणसे सहज असतात. नाचणाऱ्या बाया, ढोलकीवाले, हलगीवाले, सोंगाड्या, वगातले नट, गौळणीतली ‘मावशी’ होणारा पुरुष, आचारी, ट्रकचालक, तंबू ठोकणारे बिगारी. गण, गौळण, बतावणी आणि मग वग, असा त्याचा क्रम. दसऱ्याच्या सुमारास फड बाहेर पडतो आणि जत्रा-यात्रांचा हंगाम संपेपर्यंत, म्हणजे वैशाखापर्यंत, रोज नवे गाव. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येऊन, फिरून, घासाघीस करून आपल्या जत्रेसाठी सुपारी देतात. कुठला फड घ्यायचा हे ठरताना एकच प्रश्न हमखास विचारला जातो, “बाया किती आणि कोण?”

जत्रेतले काम रात्री संपत नाही. रात्रभर तमाशा झाल्यावर सकाळी हजेरी असते. म्हणजे जी बाई रात्री नाचली तीच तोंडावर पाणी मारून उन्हे वर आल्यावर पुन्हा बोर्डावर उभी राहते. मग सामान ट्रकमध्ये चढते आणि पुढच्या गावाचा रस्ता. झोप गाडीत, अंघोळ कुणाच्या विहिरीवर, जेवण फडाच्या भटारखान्यात. महिन्यातले चार दिवस असोत की अंगात ताप असो, सुपारी घेतलेली असते.

आता पगार. पावसाळ्यात फड बंद असतो, पण पोट बंद नसते. त्या चार-पाच महिन्यांत घराचे छप्पर, मुलांची शाळा, लग्न, आजारपण यासाठी फडमालकाकडून उचल घेतली जाते. ऊसतोडीच्या मजुरांमुळे ‘उचल’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात सर्वांना परिचित आहे. उचल घेतली की पुढचा हंगाम त्याच मालकाचा. मजुरीतून ती फिटत जाते, आणि फिटेपर्यंत पुन्हा पावसाळा येतो. मालकाला नावे ठेवून भागत नाही, कारण तोही व्याजाने पैसा उचलून ट्रक, तंबू आणि माणसे उभी करतो. एक अवकाळी पाऊस आला, एका गावात मारामारी झाली, कुठे निवडणुकीची आचारसंहिता आडवी आली, की त्याचा हिशेब कोलमडतो. कर्जाच्या या उतरंडीत सगळ्यात खाली बाई असते.

संगीतबारीचा कारभार वेगळा. आपल्या माढा तालुक्यातले मोडनिंब हे त्याचे नावाजलेले ठाणे. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्याला तिथल्या कला केंद्रांच्या पाट्या दिसतात. पुण्यात आर्यभूषण थिएटर, दौंड तालुक्यात चौफुला, ही अशीच केंद्रे. इथे फिरणे कमी. एका थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. प्रत्येक पार्टी आपली पाळी, म्हणजे ‘बारी’, आली की बोर्डावर जाते. तिकिटाच्या पैशांत थिएटरमालकाचा वाटा आणि पार्टीचा वाटा असतो. पार्टीची मालकीण बहुधा बाई. तिच्या नावाने पार्टी ओळखली जाते, आणि पेटीवाला, तबलजी, ढोलकीवाला यांचे पगार तीच देते. महाराष्ट्रात बाईच्या मालकीचे आणि बाईच्या नावाने चालणारे इतके जुने व्यवसाय फार थोडे सापडतील. पण तिच्या मिळकतीवर भाऊ, भावजया, भाचरे असे आख्खे घर बसलेले असते, आणि नाचणाऱ्या बाईने लग्न करायचे नाही हा कोल्हाटी आणि इतर काही समाजांतला दंडक तिच्याच गळ्यात असतो. लग्न होऊन ती गेली तर घर कोण चालवणार?

याच करमाळा तालुक्यात, नेरले गावी, अशा एका बाईच्या पोटी किशोर शांताबाई काळे जन्मले. बापाचे नाव लावायला नव्हते, म्हणून आईचे लावले. शिकून डॉक्टर झाले. १९९४ साली त्यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ आले आणि मराठी वाचकाला पहिल्यांदा घराच्या आतून हा व्यवसाय दिसला. २००७ साली ते अपघातात गेले. ते पुस्तक वाचताना मला सारखे जाणवत होते की हा मुलगा आईच्या नोकरीचा हिशेब मांडतो आहे. तिने किती मिळवले, ते कुणी खाल्ले आणि तिच्याकडे काय उरले.

आता शरीराकडे येऊ. नाचणाऱ्या माणसाचे भांडवल म्हणजे त्याचे गुडघे, घोटे, कंबर. नऊवारीचा भार, पायांतल्या चाळांचे वजन, फळ्यांच्या बोर्डावर आपटणारी टाच, आणि हे रात्रीमागून रात्री. बैठकीच्या लावणीत बसून नुसत्या चेहऱ्याने आणि बोटांनी अदा करण्याची एक मोठी विद्या आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर ती विद्या घेऊन शंभरी ओलांडेपर्यंत जगल्या. २०१२ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली त्या गेल्या. पण यमुनाबाई सगळ्याजणी होत नाहीत. बहुतेकींना पस्तिशी-चाळिशीत बोर्ड सोडावा लागतो. पंचांना तरुण बाया हव्या असतात.

या जागी मला पॅरिस आठवते. तिथल्या ऑपेराची बॅले कंपनी जगातल्या सर्वांत जुन्या नृत्यसंस्थांपैकी एक. तिथल्या नर्तकांना चौदाव्या लुईच्या काळात, १६९८ साली, निवृत्तिवेतनाची सोय झाली, असे सांगतात. आज तिथला नर्तक आणि नर्तकी बेचाळिसाव्या वर्षी निवृत्तिवेतन घेऊन थांबू शकतात. या शरीराकडून त्यापुढे हे काम होणार नाही, हे तिथल्या व्यवस्थेने मान्य केले आहे. २०१९ च्या डिसेंबरात फ्रान्सच्या सरकारने ही सवलत मोडीत काढायचे ठरवले, तेव्हा नर्तकी संपावर गेल्या. २४ डिसेंबरला ऐन थंडीत ऑपेराच्या दारासमोर, रस्त्यावरच्या लोकांपुढे, त्यांनी ‘स्वान लेक’मधला भाग नाचून दाखवला. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याची छायाचित्रे आली.

पॅरिसच्या नर्तकी सुखात आहेत आणि आपल्या दुःखात, एवढेच मला सांगायचे नाही. तिथेही गरिबाघरच्या मुली नाचायला येत आणि श्रीमंत आश्रयदाते नेपथ्यामागे घुटमळत, हा इतिहास त्यांचाही आहे. त्यांची अब्रूही काढली गेली आहे. फरक एका बाबतीत पडला. नाचणे हे काम आहे, आणि काम संपल्यावर माणूस उरतो, हे त्यांच्याकडे कागदावर आले. आपल्याकडे आले ते परवान्याचे कागद. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली काही काळ तमाशावर बंदी घातली. पुढे वगाची संहिता तपासून परवानगी देण्याची पद्धत आली. बाई काय बोलते, कशी नाचते, यावर सरकारची नजर होती. ती काय कमावते, आजारी पडल्यावर काय करते, हे कोणत्याच तक्त्यात नव्हते.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण घ्या. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडाचे हे घराणे, पण विठाबाईंचा जन्म आपल्या पंढरपूरचा, १९३५ सालचा. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा खेळाला उभ्या राहिल्या. ही हकिकत महाराष्ट्रात इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ती ऐकून आपल्याला आता अभिमानच वाटतो. कलेची केवढी निष्ठा, असे आपण म्हणतो. मला यात निष्ठेआधी सुपारी दिसते. खेळ बंद पडला असता तर तिकिटाचे पैसे परत द्यावे लागले असते, शंभर माणसांचे जेवण अडले असते. गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळावी असा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ सालीच झाला होता. फड गिरणीच्या व्याख्येत बसत नव्हता. विठाबाईंनी चीनच्या आक्रमणाच्या काळात जवानांपुढे कार्यक्रम केले, राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव स्वीकारला. २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीतून भागवावे लागले. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावाने तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देते.

या नोकरीचे गिऱ्हाईकही बदलत गेले. पेशवाई बुडाली तसे सरदारांचे वाडे बंद झाले आणि फड गावच्या जत्रेवर आला. मग गिरण्या आल्या. मुंबईत लालबागच्या हनुमान थिएटरला गिरणी कामगारांनी जगवले. सोलापुरात जुनी मिल १८७७ साली उभी राहिली. पगाराच्या रात्री तमाशाला जाणारा कामगार आमच्या लहानपणापर्यंत होता. १९८२ च्या संपानंतर मुंबईचा तो प्रेक्षक उठला, आणि आपल्याकडेही एकामागून एक गिरण्यांचे भोंगे थांबले. त्यानंतर व्हिडिओ आला, दूरदर्शनच्या वाहिन्या आल्या, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद झाले. रात्रभराचा वग आखडत गेला आणि चित्रपटगीतांवरचा नाच वाढला. नव्वदच्या दशकात अकलूजच्या लावणी स्पर्धेने मात्र एक चांगले काम केले. घरंदाज बायका मुलींना घेऊन लावणी पाहायला आल्या, आणि बोर्डावरच्या बाईला कळले की समोर बायकाही बसू शकतात. पुढे २०२० आणि २०२१, लागोपाठ दोन वर्षे जत्रा भरल्या नाहीत. उचल घेऊन झालेली होती आणि हंगाम आलाच नाही. २०२१ च्या मे महिन्यात कांताबाई सातारकर करोनाने गेल्या. बोर्डावर शिवाजी महाराजांची भूमिका करणारी ही बाई.

याच सुमारास आणि नंतरही मी मोडनिंबच्या बाजूला काही बायकांना भेटत राहिलो. त्यातल्या साठी ओलांडलेल्या एकींनी माझ्यापुढे प्लास्टिकची पिशवी उपडी केली. ज्येष्ठ कलावंतांना राज्य शासन मानधन देते. पन्नाशी पूर्ण झालेल्यांना अर्ज करता येतो, आणि २०२४ पासून ही रक्कम महिना ५,००० रुपये झाली आहे. पिशवीत आधार कार्ड होते, शिधापत्रिका होती, बँकेचे पासबुक होते. नव्हता तो पुरावा. किती वर्षे कला सादर केली, कुठे केली, त्याची कात्रणे, प्रमाणपत्रे, छायाचित्रे.

मी विचारले, “आक्का, एखादी जाहिरात, पोस्टर काही ठेवलं नाही का?”

त्या म्हणाल्या, “भाऊ, पोस्टरवर मालकाचं नाव आन् नटीचा फोटू. आम्ही सतरा जणी मागं नाचायचो. पुरावा म्हणून आता टाचा दावू का त्यांना?” आणि खरोखरच त्यांनी टाच पुढे केली. भेगा पडून ती काळी, जाड झाली होती.

लावणीच्या शेवटच्या कडव्यात बाईचे नाव नाही, याचे दुःख इतकी वर्षे मी कवी म्हणून करत होतो. साहित्यातला एक अन्याय, असे मला वाटे. त्या दिवशी कळले की नाव नसण्याची किंमत महिन्याला पाच हजार रुपये आहे. मी अर्ज केला तर माझे कवितासंग्रह जोडीन. त्यांवर माझे नाव छापलेले आहे. त्या बाईंनी माझ्या दुप्पट वर्षे काम केले असेल, आणि त्याची नोंद फडमालकाच्या उचलीच्या वहीत आहे. ती वही कर्ज फिटले की फाडून टाकतात.

हे बदलायला फार मोठी क्रांती लागत नाही. सुपारीचा करार होतो तेव्हा फडातल्या प्रत्येक माणसाच्या नावाची यादी त्याला जोडावी. परवानगी देणाऱ्या कचेरीने ती यादी जपावी. हंगाम संपला की मालकाने प्रत्येक बाईला तिने किती खेळ केले याचा सही-शिक्क्याचा कागद द्यावा. कला केंद्रांनी बारीच्या नोंदी फेकू नयेत. ज्या बायका आज साठीच्या पुढे आहेत त्यांच्यासाठी एवढे पुरणार नाही. त्यांच्यासोबत नाचलेल्या, वाजवलेल्या माणसांची साक्ष पुरावा म्हणून धरावी. गावोगावच्या पंचांनाही आठवत असते, कोणत्या साली कोण आले होते. आणि आम्ही लिहिणाऱ्यांनी या बायकांकडे लावणीचा मुखडा विचारायला जाण्याऐवजी वही-पेन घेऊन त्यांच्या नोकरीची वर्षे उतरवून घ्यावीत. गाव, साल, फड, मजुरी.

मोडनिंबच्या त्या बाईंच्या हंगामांची यादी मी लिहून काढली. आठवून आठवून त्यांनी सत्तावीस हंगाम सांगितले. अर्जाला ती जोडली आहे. तिच्या खाली माझी सही साक्षीदार म्हणून आहे. वर, अर्जदार म्हणून, त्यांचे पूर्ण नाव आहे.